अरुणाचल प्रदेशातील सांस्कृतिक भ्रमंती

भूतान, तिबेट आणि म्यानमार यांना लागून असलेल्या अरुणाचल प्रदेशात डोंगरवाटांनी फिरत तिथल्या जमातींचे जगणे जवळून पाहण्याचा प्रवास. राज्याचे क्षेत्रफळ ८३,७४३ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाखांच्या आतच भरली. एवढ्या विरळ वस्तीत २६ प्रमुख जमाती आणि शंभराहून अधिक उपजमाती नांदतात.

या वैविध्याचे मूळ बरेचसे भूगोलात आहे. कामेंग, सुबनसिरी, सियांग, दिबांग व लोहित या नद्या खोल दऱ्या कोरत आसामच्या मैदानात उतरतात. त्यांच्यामधल्या डोंगररांगा इतक्या अवघड, की शेजारच्या खोऱ्यात जायचे तर पूर्वी बहुधा आसामात उतरून पुन्हा वर चढावे लागे. त्यामुळे प्रत्येक खोऱ्यात बोली, घरबांधणी आणि सण वेगळे घडले. आज वेगवेगळ्या जमातींचे लोक एकमेकांशी सर्रास हिंदीत बोलतात, ही मराठी प्रवाशाच्या दृष्टीने मोठीच सोय. महाराष्ट्राशी एक जुना धागाही आहे: एकनाथ रानडे यांनी स्थापन केलेल्या विवेकानंद केंद्राच्या शाळा येथे १९७७ पासून चालू आहेत.

पश्चिमेला तवांगमध्ये मोनपा लोकांचा महायान बौद्ध धर्म आहे. तिथला मठ सतराव्या शतकातला असून सहावे दलाई लामा याच भागात जन्मले. १९५९ मध्ये चौदावे दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले तेही तवांगमार्गेच. तवांगच्या वाटेवरची सुमारे ४,१७० मी. उंचीची सेला खिंड हिवाळ्यात बर्फाने अडे. २०२४ मध्ये बोगदा खुला झाल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. पूर्वेला नामसाईकडे खामती लोक थेरवाद या वेगळ्या पंथाचे बौद्ध आहेत आणि त्यांची भाषा ताई कुळातली, म्हणजे थाई भाषेच्या नात्यातली आहे. मधल्या पट्ट्यात आदी, गालो, न्यीशी, तागिन, आपातानी या जमातींत सूर्य-चंद्राला मानणारा दोन्यी-पोलो हा धर्म रुजलेला आहे.

आपातानींचे झिरो खोरे सवडीने पाहावे असे आहे. येथे नांगर नाही, बैल नाही. सगळी शेती हातांनी होते. ओढ्याचे पाणी पाटांनी आणि बांबूच्या नळ्यांनी शेताशेतांत फिरवतात. भाताच्या उभ्या पिकात मासे वाढवतात आणि बांधांवर नाचणी लावतात. शेतात एक चर खणलेला असतो. पाणी ओसरले की मासे त्यात गोळा होतात. मार्चमधला म्योको हा सण गावांचे तीन गट आळीपाळीने साजरा करतात. त्या दिवसांत घरोघरी पाहुण्यांसमोर आपोंग, म्हणजे तांदळाची वा भरडधान्याची बिअर, येते. जुलैतला द्री हा पिकाच्या रक्षणासाठीचा सण.

नाकात मोठ्या चकत्या आणि चेहऱ्यावर गोंदण असलेल्या वृद्ध आपातानी स्त्रियांचे फोटो घ्यायला अनेक पर्यटक येतात. ही प्रथा १९७० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे या खुणा आता वयस्क स्त्रियांच्याच चेहऱ्यावर दिसतात. त्या आपल्या अंगणात बसलेल्या आज्या आहेत, प्रदर्शनातल्या वस्तू नव्हेत. आधी विचारावे, चुलीपाशी बसावे, आणि नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

इतर राज्यांतील भारतीयांना प्रवेशासाठी इनर लाइन परमिट लागते. १८७३ च्या नियमनातून आलेला हा परवाना आता ऑनलाइनही मिळतो. परदेशी नागरिकांसाठी वेगळी परवानगी आहे. बसगाड्या मोजक्या, म्हणून बहुतेक प्रवास शेअर सुमोने होतो. पूर्वेकडच्या रेखांशामुळे हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा पहाटे निघणेच शहाणपणाचे. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा.

वनसंरक्षणामुळेही काही रूढी बदलल्या. न्यीशी पुरुषांच्या वेताच्या टोपीवर पूर्वी धनेश पक्ष्याची चोच असे; आता तिच्या जागी फायबरची चोच बसवलेली अनेक ठिकाणी दिसते. ‘पक्के’ नावाच्या व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात तर न्यीशी गावकरीच धनेशाच्या घरट्यांची राखण करतात.