निर्वासितांना झोप का लागत नाही

रत्नागिरीला आलेले पाहुणे थिबा पॅलेस बघतात, भाट्याच्या खाडीवर मावळणाऱ्या सूर्याचे फोटो काढतात आणि गणपतीपुळ्याच्या वाटेला लागतात. १८८५च्या तिसऱ्या इंग्रज-बर्मी युद्धात ब्रह्मदेशाचं राज्य बुडालं. थिबा राजाला राणी आणि मुलींसह आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. आपण बघतो तो लाल वाडा उभा राहीपर्यंत त्याची इथली चोवीसेक वर्षं सरली होती. १९१६मध्ये तो इथंच वारला. कायद्याच्या भाषेत तो निर्वासित नव्हता, कैदी होता. आणि शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं निदान करण्याच्या फंदात मी पडणार नाही. पण युद्धाने उखडलेल्या माणसाच्या मनाचा विचार करताना मला तो राज्य गेल्याचा दिवस आठवत नाही, ती तीस वर्षं आठवतात. संशोधनही हल्ली त्याच बाजूला बोट दाखवतं.

आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, अमेरिकेच्या अधिकृत निदानसूचीत आला तो १९८०मध्ये. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल हे त्याचं एक मोठं कारण. घडून गेलेला प्रसंग नुसता आठवत नाही, तो पुन्हा घडतो: स्वप्नात, किंवा दिवसाढवळ्या. त्याची आठवण करून देणारी माणसं, जागा, विषय माणूस टाळत राहतो. शरीर सतत सावध, झोप उथळ, जरा खुट्ट झालं की दचकणं. सोबत अपराधीपणा, आणि आपल्याच माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं. घटनेनंतर काही दिवस असं होणं स्वाभाविक आहे. महिना उलटूनही त्रास हटत नसेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तरच हे निदान करतात.

मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका हेरणं हे त्याचं मुख्य काम. हिप्पोकॅम्पस हा शेजारचा भाग घटनेला स्थळकाळाचा संदर्भ जोडतो: हे अमक्या ठिकाणी, तमक्या वेळी झालं आणि संपलं. जिवावर बेतणाऱ्या भीतीत नॉरॲड्रेनॅलिन या शरीराला सावध करणाऱ्या रसायनाचा पूर येतो. आवाज, वास, उजेड खोल कोरले जातात, संदर्भ मात्र धड चिकटत नाही. मग वर्षांनंतर डिझेलचा वास किंवा मिरवणुकीतला एखादा सुतळी बॉम्ब पुरतो. अमिग्डलाला ती जुनी गोष्ट वाटतच नाही. बागेतले वानर केव्हाच निघून गेले, तरी गोफण खाली न ठेवणाऱ्या राखणदारासारखी तिची गत होते. कपाळामागचा मेंदू एरवी तिला आवरतो. या विकारात ती पकड ढिली पडलेली दिसते.

भीतीची आठवण पुसली जात नाही. तिच्यावर सुरक्षिततेची नवी आठवण बसवावी लागते, आणि त्यासाठी तोच आवाज, तोच वास पुन्हा पुन्हा येऊनही काही वाईट घडलं नाही, असा अनुभव लागतो. निर्वासिताची खरी अडचण इथे आहे. ज्याचा निवाऱ्याचा कागद पुढच्या महिन्यात संपणार आहे, ज्याचा भाऊ अजून युद्धात अडकला आहे, त्याचा मेंदू सावध राहतो यात मेंदूचं काय चुकलं?

आपल्याकडे रात्री किंचाळत उठणाऱ्यासाठी घरचे देवाला गाऱ्हाणं घालतात, नाहीतर घाड्याला, म्हणजे गावच्या देवऋष्याला, विचारतात. डॉक्टरकडे गेलाच तर माणूस छातीत धडधडतं, डोकं जड होतं, अंग मोडून येतं, एवढंच सांगतो. हसू नये. जगभरच्या छावण्यांतून मनाचं दुखणं असंच अंगदुखी होऊन दवाखान्यात येतं, आणि जिनाची बाधा झाली असं सांगणारेही तिथे भेटतात.

पळून आलेले सगळेच आजारी पडतात, असं मात्र नाही. पाश्चात्त्य देशांत स्थिरावलेल्या निर्वासितांवरच्या अनेक पाहण्या एकत्र करून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००५मध्ये जो आढावा छापला, त्यात प्रौढांमधलं पीटीएसडीचं प्रमाण साधारण ९ टक्के निघालं. म्हणजे बहुतेकांना तो नव्हता, तरी त्या देशांतल्या इतर लोकांच्या मानाने प्रमाण दसपटीच्या आसपास होतं. पुढच्या काही आढाव्यांत आकडा बराच वर गेला. कोणाला, कुठे, कसं विचारलं यावर तो हलतो.

२००५मध्येच आलेला दुसरा एक आढावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात ५६ अभ्यास तपासले होते. छावणीसारख्या सामुदायिक निवाऱ्यात राहणारे, कमाईच्या वाटा बंद झालेले, देशातच विस्थापित झालेले, मायदेशी परत धाडलेले आणि ज्यांच्या गावचा संघर्ष अजून मिटलेला नाही असे, या सगळ्यांचं मानसिक आरोग्य अधिक खालावलेलं दिसलं. आधी चांगल्या परिस्थितीत असलेले आणि अधिक शिकलेले लोकही जास्त खचलेले होते. गमावण्यासारखं जास्त होतं, असा त्याचा एक अर्थ.

कोकणाला हे अगदीच परकं नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा आखाती नोकरीवर चालणाऱ्या चुली रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांत होत्या. भारताने तिथून १,७०,०००च्या घरात माणसं परत आणली, बरीचशी जॉर्डनच्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी. नोकरी आणि साठवलेले दिनार मागे राहिले. पण उतरल्यावर जायला गाव होतं. आपली भाषा होती, हातात पासपोर्ट होता. थिबाच्याच देशातून २०१७मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्यांच्यापाशी यातलं काहीच नाही: नागरिकत्व नाही, रीतसर नोकरीची परवानगी नाही, आणि आपल्यासारख्याच धुवाधार पावसात डोक्यावर बांबू-ताडपत्रीचं छप्पर.

मग उपचार काय? आधी काय करू नये ते. ताज्या आघातानंतर पहिल्या महिन्यात झोपेसाठी म्हणून बेंझोडायझेपाइन गटातल्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्येच सांगितलं आहे. लगेच सगळं बोलून टाकायला लावणंही उपयोगाचं नाही. एका बैठकीत मन मोकळं करवून घेतलं म्हणून पुढचा विकार टळत नाही.

विकार जडल्यावर मात्र बोलण्यानेच काम होतं, पण पद्धतशीर. फ्रँक न्यूनर, मॅगी शाउअर आणि थॉमस एल्बर्ट यांनी कथनावर आधारलेली एक थेरपी घडवली. जमिनीवर दोरी पसरतात, ते आयुष्य. चांगल्या प्रसंगांसाठी तिच्यावर फुलं ठेवायची, आघातांसाठी दगड. मग जन्मापासून आजपर्यंत क्रमाने सांगत जायचं आणि प्रत्येक दगडापाशी थांबायचं: काय दिसलं, कसला वास होता, तेव्हा अंगात काय झालं, आत्ता काय होतंय. समुपदेशक ते लिहून घेतो, पुढच्या बैठकीला वाचून दाखवतो, आणि शेवटी ती कहाणी सांगणाऱ्याच्या हातात देतो. सुटलेला स्थळकाळ असा एकेका दगडाला परत जोडला जातो.

एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेवर उपचार करवून पाहिले. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा चांगला परिणाम २०१०च्या अहवालात दिसला. युगांडाच्या नाकिवाले वसाहतीत तर समुपदेशक म्हणून निर्वासितांनाच शिकवलं. पीटीएसडी असलेल्या २७७ रवांडी आणि सोमाली निर्वासितांवरचा हा प्रयोग २००८मध्ये प्रसिद्ध झाला. दोरीच्या पद्धतीने ७० टक्के लोक निदानातून बाहेर आले, साध्या समुपदेशनाने ६५ टक्के आणि उपचाराविना ३७ टक्के. पहिल्या दोन आकड्यांत फारसा फरक नाही. फरक पडला तो उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांत: साध्या समुपदेशनातून २१ टक्के निघून गेले, आणि सगळ्यात भयानक आठवण पुन्हा सांगायला लावणाऱ्या पद्धतीतून फक्त ४ टक्के.