जुन्या ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील घरगुती स्वयंपाक

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, ब्रिटनमध्ये बीबीसी आणि आयटीव्ही या वाहिन्यांवरून रोजच्या जेवणातले पदार्थ शिकवणारे जे कार्यक्रम झाले, त्यांचा हा आढावा. पाय (pie, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ), वाफवलेली पुडिंगे, भाजलेल्या मांसासोबतचे यॉर्कशायर पुडिंग, स्टू, स्कोन, स्पंज केक, मुरंबे आणि लोणची हा त्यांचा मुख्य ऐवज. समोर एक ओटा, एक ओव्हन, वजनकाटा, लाकडी चमचा आणि कृती करणारे दोन हात, एवढेच सामान. या कार्यक्रमांची गोडी पदार्थाच्या थाटात नाही. पीठ कुठल्या क्षणी ‘झाले’ म्हणायचे, हे घरातल्या माणसाच्या हाताच्या गतीने डोळ्यांसमोर घडताना दिसते, तिथे ती आहे. आजच्या वेगवान चित्रणात नेमका हाच क्षण कापला जातो.

सुरुवात आणि शिधावाटप

बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली. पुढल्याच जानेवारीत फ्रेंच उपाहारगृहचालक मार्सेल बुलेस्टिन यांनी पडद्यावर ऑम्लेट करून दाखवले. ते लंडनमध्ये स्थायिक झाले होते, पण स्वयंपाक मात्र फ्रेंच धाटणीचा करत. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धामुळे सेवा बंद पडली आणि जून १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच महिन्यात फिलिप हार्बेन यांचा ‘कुकरी’ हा कार्यक्रम आला. दाढी राखलेले, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन बांधलेले हार्बेन मूळचे नाट्यकलेच्या घरातले. पदार्थ करताना ‘असे का’ हे सांगण्यावर त्यांचा भर असे.

हे सगळे शिधापत्रिकेच्या काळात चालले होते, हे विसरून चालणार नाही. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकन यांपासून सुरू झालेले शिधावाटप जुलै १९५४ मध्ये मांसावरचे निर्बंध उठले तेव्हा संपले. युद्धातही मोकळा राहिलेला पाव १९४६ ते १९४८ या काळात शिध्यावर आला. माणशी आठवड्याला साधारण एक ताजे अंडे आणि दोन औंस लोणी मिळत असे. उरलेली गरज अंड्याच्या भुकटीवर भागवावी लागे. सपाट मोठा चमचाभर भुकटी आणि दोन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडे, हे माप त्या पिढीला तोंडपाठ होते. युद्धकाळात अन्न मंत्रालयासाठी काम केलेल्या मार्गरीट पॅटन १९४० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसी दूरचित्रवाणीवर आल्या, त्या हीच काटकसर घेऊन. कमी साखरेत मुरंबा कसा टिकतो, स्वस्तातले चिवट मांस मऊ कसे करायचे, शिळ्या पावाचे काय करायचे, हे शिकवणे ही त्या काळाची गरज होती. पुढे शिधावाटप संपले, तरी ब्रिटिश पडद्यावरच्या स्वयंपाकाचा हा स्वभाव टिकला.

फॅनी क्रॅडॉक यांची वाट वेगळी. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्या आणि त्यांचे जोडीदार जॉनी क्रॅडॉक रात्रीच्या मेजवानीच्या पोशाखात स्वयंपाक करत. १९५६ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठे प्रात्यक्षिक केले. त्यांची ओढ फ्रेंच सजावटीकडे होती. तरीही १९७५ ची नाताळची मालिका, पंधरा-पंधरा मिनिटांचे पाच भाग, आजही पाहिली जाते, कारण नाताळचा पक्षी, केक आणि मिन्समीट (सुकामेवा आणि मसाल्यांचे गोड सारण) यांची कृती त्यात सलग दिसते.

फार्महाऊस किचन

या परंपरेचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे लीड्सच्या यॉर्कशायर टेलिव्हिजनचा ‘फार्महाऊस किचन’. तो १९७१ मध्ये सुरू झाला. १९७२ मध्ये सरकारने प्रसारणाच्या तासांवरील मर्यादा उठवली आणि आयटीव्हीवर दुपारचे कार्यक्रम वाढले, तेव्हा अशा कार्यक्रमांना हक्काची वेळ मिळाली. सुरुवातीला डोरोथी स्लाइटहोम आणि नंतर ग्रेस मुलिगन यांनी तो सांभाळला. दोघींची बैठक विमेन्स इन्स्टिट्यूट या ग्रामीण महिला संघटनेतली. गावोगावच्या स्पर्धांत केक, पाव आणि मुरंबे काटेकोर निकषांवर तपासले जातात, त्या शिस्तीत त्यांचा हात तयार झाला होता. म्हणून त्यांच्या बोलण्यात कौतुकाची विशेषणे कमी आणि सूचना जास्त: पीठ चाळा, चाळताना हवा खेळू द्या, लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, तळहाताने नको, तळहात गरम असतो.

ही शेवटची सूचना शॉर्टक्रस्ट पारीची, म्हणजे पायच्या खुसखुशीत आवरणाची. मैद्याच्या निम्मी चरबी, म्हणजे २२५ ग्रॅम मैद्याला ५५ ग्रॅम लोणी आणि ५५ ग्रॅम लार्ड (डुकराची शुद्ध चरबी). मराठी स्वयंपाकघरात आपण मोहन चोळतो तीच ही क्रिया, फरक इतकाच की मोहन कडकडीत घालतो आणि इथे चरबी थंड लागते. ती वितळली तर मैद्याच्या कणांभोवती वेष्टन राहत नाही. मग पाण्याने ग्लुटेन (मैद्यातले चिवट प्रथिन) धरते आणि पारी खुसखुशीत होण्याऐवजी चामट होते. पाणी दोन-तीन मोठे चमचे, गार. गोळा अर्धा तास झाकून थंड जागी ठेवायचा. हा वेळ वाचवला तर पारी ओव्हनमध्ये आकसून साच्याच्या कडेवरून खाली उतरते.

यॉर्कशायर पुडिंग

ओव्हनमध्ये फुगणारा, पातळ पिठाचा, गोड नसलेला हा पदार्थ अठराव्या शतकातला. भाजत ठेवलेल्या मांसातून गळणाऱ्या चरबीखाली पिठाचे ताट ठेवत, त्यातून तो आला. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात तो याच नावाने आहे. उत्तर इंग्लंडमध्ये तो आधी ग्रेव्हीसोबत वाढत, म्हणजे पोट थोडे भरते आणि महागडे मांस पुरते.

चार औंस (११५ ग्रॅम) मैदा, चिमूटभर मीठ, दोन अंडी आणि अर्धा पाइंट (२८४ मिली) दूध-पाणी निम्मे-निम्मे. मैद्यात खळगा करून अंडी घालायची, निम्मे दूध ओतून मधून कडेकडे फेटत जायचे. गाठी मोडल्या की उरलेले दूध. मिश्रण घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट हवे. अर्धा तास ठेवल्याने मैद्यातला स्टार्च पाणी पितो. ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर, पत्र्याच्या ताटात बीफची चरबी, आणि ती धूर येईपर्यंत तापलेली. पीठ पडताच चर्र आवाज झाला नाही, तर ताट परत आत ठेवावे. मोठ्या ताटाला पंचवीस ते तीस मिनिटे, वाटीच्या साच्यांना पंधरा ते वीस.

ते फुगते ते वाफेने. बेकिंग पावडर त्यात नसते. तळाशी तापलेली चरबी पिठाला क्षणात कडा धरायला लावते, आतले पाणी वाफ होऊन वर ढकलते आणि अंड्याची प्रथिने तो फुगवटा पक्का करतात. म्हणून निम्म्या वेळात दार उघडले तर वाफ निवते आणि न सेट झालेला कळस बसतो. चरबी कोमट असेल तर पीठ ती शोषते, तळ तेलकट होतो आणि ताटाला चिकटतो. नुसते दूध वापरले तर पुडिंग मऊ राहते. कुरकुरीत कडा हव्या तर पाणी हवेच. बाहेरून तपकिरी दिसले म्हणून लवकर काढले, तर ताटलीत येईपर्यंत ते खाली बसते.

सूएट पुडिंग

सूएट म्हणजे गाई-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट, कोरडी चरबी. किसलेली सूएट डब्यात मिळते, मैदा लावून सुटी केलेली. स्टेक अँड किडनी पुडिंगची पारी: २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, ११५ ग्रॅम सूएट, मीठ, सुमारे १५० मिली गार पाणी. फार मळू नये. पाऊण गोळा लाटून तूप-लोणी लावलेल्या दोन पाइंटांच्या वाडग्यात बसवायचा, कच्चे मांस, मूत्रपिंडाचे तुकडे, कांदा आणि थोडा रस्सा भरायचा, उरलेल्या पाव गोळ्याचे झाकण. वाडगा काठोकाठ भरू नये.

यावरची कागदाची बांधणी हा पडद्यावर पाहण्यासारखा भाग. लोणी लावलेल्या ग्रीसप्रूफ कागदाला मधोमध एक चुणी घालतात, वर तशीच चुणी घातलेले कापड किंवा फॉइल, आणि वाडग्याच्या कडेखाली सुतळी घट्ट. सुतळीची एक पट्टी वरून आडवी बांधली की तीच उचलायची मूठ. चुणी नसेल तर फुगणारी पारी कागद फाडते आणि वाफेचे पाणी आत शिरून वरचा थर लगदा होतो. मोठ्या पातेल्यात वाडग्याच्या निम्म्यापर्यंत उकळते पाणी, झाकण आणि चार तास. मधे भर घालायची ती उकळत्या पाण्याचीच. गार पाण्याने उकळी मोडली की पारी दडस होते. लोण्यापेक्षा सूएट जास्त उष्णतेला वितळते, भोवतालचे पीठ धरू लागेपर्यंत तिचे कण तग धरतात आणि मग त्या जागी पोकळ्या राहतात. वाफवलेले असूनही हे पुडिंग हलके होते ते यामुळे.

व्हिक्टोरिया सँडविच

या दोन थरांच्या स्पंज केकचे प्रमाण संख्येत सांगायची गरजच नाही. तीन अंडी कवचासकट तोला, जे वजन येईल तेवढेच लोणी, तेवढीच बारीक साखर, तेवढाच सेल्फ-रेझिंग मैदा. लोणी-साखर पांढुरकी होईपर्यंत फेसायची, नानकटाईला फेसतो तशीच. अंडी घरच्या तापमानाची हवीत; फ्रिजमधली घातली की लोणी आकसते आणि मिश्रण फुटते. फुटलेच तर चमचाभर मैदा घालून सावरते. मैदा धातूच्या चमच्याने हलका मिसळायचा. चमचा पातेल्याच्या कडेवर टेकवला की मिश्रण आपोआप गळून पडले पाहिजे, घट्ट वाटले तर चमचाभर दूध. अठरा सेंमीचे दोन साचे, १८० अंश, वीस ते पंचवीस मिनिटे.

विमेन्स इन्स्टिट्यूटच्या स्पर्धेत मधे फक्त रास्पबेरी जॅम चालतो, क्रीम नाही. वर बारीक साखर भुरभुरवतात, आयसिंग साखर नाही. आणि वरच्या बाजूला जाळीचे वळ उठलेले चालत नाहीत, म्हणून अनुभवी बाई केक आधी कापडावर उलटतात आणि मग जाळीवर सुलटा ठेवतात. एवढी बारीक गोष्ट पडद्यावर हातासरशी होऊन जाते, कुणी तिचा गाजावाजा करत नाही.

मापे वाचताना

जुन्या कार्यक्रमातली कृती करून पाहताना बहुतेक घोटाळे मापांत होतात. पाइंट ब्रिटिश धरावा, ५६८ मिली. अमेरिकी पाइंट ४७३ मिलीचा असतो. गिल म्हणजे पाव पाइंट, पण उत्तर इंग्लंडच्या बोलीत अर्धा पाइंटही. औंस खरा २८.३५ ग्रॅमचा, पण १९७० च्या दशकात मेट्रिक मापे आली तेव्हा तो सोयीसाठी २५ ग्रॅमवर आणला गेला. म्हणून एकाच कृतीत औंस आणि ग्रॅम मिसळू नयेत. ‘रेग्युलो ४’ किंवा ‘गॅस मार्क ४’ हे १९२३ च्या गॅस ओव्हनच्या तापनियंत्रकावरून आलेले आकडे: मार्क १ म्हणजे २७५ अंश फॅरनहाइट, पुढे प्रत्येक आकड्याला २५ अंश वाढ. त्यामुळे मार्क ४ म्हणजे १८० सेल्सिअस, ६ म्हणजे २००, ७ म्हणजे २२०. पंख्याचा ओव्हन असेल तर यातून वीस अंश कमी. सेल्फ-रेझिंग मैदा आपल्याकडे सहज मिळत नाही. ११० ग्रॅम मैद्यात सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर तीनदा चाळून घ्यावी.

आपल्या घरांशी नाते

या स्वयंपाकातल्या काही गोष्टी मराठी घरांत कधीच्या रुळल्या आहेत. पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रुसबेरी बिस्किटे ज्या नावाने विकली जातात, ते श्रॉपशरमधल्या श्रूझबरी गावाचे. ब्रिटिश न्याहारीतली केजरी ही आपल्या खिचडीची नात, फक्त तिच्यात धुरावलेला हॅडॉक मासा आणि उकडलेली अंडी. सर्वांत जवळची मात्र कस्टर्ड पावडर. आल्फ्रेड बर्ड यांनी ती १८३७ मध्ये बर्मिंगहॅममध्ये केली, पत्नीला अंडी चालत नसत म्हणून. मक्याच्या स्टार्चची असल्यामुळे ती शाकाहारी घरांतही शिरली आणि लग्नकार्यातल्या फ्रूट सॅलडपर्यंत पोचली. एका पाइंट दुधाला दोन मोठे चमचे पावडर, आधी थोड्या गार दुधात कालवलेली. थेट गरम दुधात टाकली की गाठी होतात. उकळी येईपर्यंत ढवळायचे आणि निवताना साय धरू नये म्हणून कागद पृष्ठभागाला चिकटवून ठेवायचा.

पुढे

१९७८ ते १९८१ मधल्या तीन मालिकांत डेलिया स्मिथ यांनी हाच धागा शिस्तबद्ध अभ्यासक्रमासारखा पुढे नेला आणि १९९८ च्या ‘हाऊ टू कुक’मध्ये अंडे उकडण्यापासून सुरुवात केली. १९८२ मध्ये बीबीसीवर मधुर जाफरी यांची भारतीय पाककृतींची मालिका आली आणि ब्रिटिश घरांतल्या फडताळावर जिऱ्या-धण्यांचे डबे वाढू लागले. १९९६ ते १९९९ दरम्यान क्लॅरिसा डिक्सन राइट आणि जेनिफर पॅटरसन यांनी लार्ड, ड्रिपिंग (भाजताना मांसातून गळलेली चरबी) आणि सूएट पुन्हा उघडपणे ओट्यावर आणले. आरंभीचे बरेचसे कार्यक्रम मात्र थेट प्रसारित होत आणि चित्रमुद्रित होत नसत. नंतरच्या कितीतरी चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. बुलेस्टिन यांचे ऑम्लेट त्यामुळे कुणालाच पाहता येत नाही. हार्बेन आणि पॅटन यांच्या काळातली वजने आणि वेळा पुस्तकांतून कळतात, पण पीठ फेटताना त्यांचा हात किती वेगाने चालत होता, हे पुस्तकात सापडत नाही.