एन्झाइमची पुडी वेगळी, कल्चरची वेगळी

काटोल रोडवरच्या एका गोठेवाल्या भाऊंचा फोन आला. “काऊन जी, एन्झाइम म्हणा का कल्चर म्हणा, मुरघासाची पावडर ती पावडरच ना?” दुकानात दोन्ही पुड्या एकाच फळीवर असतात, दोन्हींवर हिरव्या चाऱ्याचा फोटो असतो. गोंधळ व्हायचाच.

मुरघास म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, आणि कल्चर म्हणजे त्याचं विरजण. त्यात जिवंत लॅक्टिक जंतू असतात. ते चाऱ्यातली साखर खाऊन आम्ल करतात, सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरतो आणि सडवणाऱ्या जंतूंचं तिथं काही चालत नाही. एन्झाइम जिवंत नसतं, ते एक प्रथिन. भाकरीचा घास बराच वेळ चघळला की गोड लागतो, ती लाळेतल्या एन्झाइमची करणी. पुडीतले सेल्युलेज आणि झायलनेज तेच काम चाऱ्याच्या धाग्यांवर करतात. पेशींच्या भिंती फोडून साखर मोकळी करतात. आम्ल मात्र करत नाहीत, ते जंतूंनीच करायचं.

म्हणून आधी पीक बघायचं. चिकात आलेल्या मक्यात साखर मुळातच पुरेशी असते, तिथं एन्झाइमवर पैसे घालणं मला पटत नाही. नेपिअर गवतात मात्र साखर कमी आणि पाणी फार. एन्झाइम कामाचं ते इथं. तेही गवत कोवळं असताना, ४५-५० दिवसांच्या कापणीला. बांबूसारख्या निबर झालेल्या नेपिअरमधल्या लिग्निनला, म्हणजे धागे कडक करणाऱ्या घटकाला, सेल्युलेज हात लावू शकत नाही.

आता माझीच फजिती सांगतो. एका ऑगस्टमध्ये झड लागली होती. नेपिअर सुकवायला ऊनच नाही. म्हटलं, एन्झाइम आहे ना, आणि ओलाच कापून, कुट्टी करून पिशव्या भरल्या. चौथ्या दिवशी पिशव्यांच्या बुडातून चहाच्या रंगाचा रस वाहायला लागला. चूक एन्झाइमची नव्हती. पेशींच्या भिंती फुटल्या की आतलं पाणीही सुटतं, आणि मोकळी झालेली साखर त्याच पाण्यासोबत निघून जाते. दीड महिन्यानं पिशवी उघडली तर खवट लोण्यासारखा वास, म्हणजे ब्युटिरिक आम्ल. गायींनी हुंगलं आणि माना फिरवल्या.

तेव्हापासून पिशवी भरण्याआधी कुट्टी मुठीत दाबून बघतो. बोटांतून रस गळला तर फार ओली. गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर राहिला, तर ओलावा ६५ ते ७० टक्क्यांच्या आत-बाहेर आहे, भरा. ऊन नसेल तर आपल्याकडं तणस किंवा कुटार असतंच, थोडं मिसळलं की पाणी शोषून घेतं.

कल्चरची काळजी निराळी. ते जिवंत आहे, आणि नागपूरचा मे ४५ अंशांना टेकतो. टिनाच्या शेडमध्ये खिडकीशी ठेवलेल्या पुडीतले जंतू केव्हाच मेलेले असतात, पावडर मात्र तशीच दिसते. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, त्यात कल्चर कालवू नका. विहिरीचं पाणी घ्या आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

पुडी ओळखायची तर मागची बारीक अक्षरं वाचा. कल्चरवर जंतूंची नावं आणि सीएफयू, म्हणजे जिवंत जंतूंचा आकडा असतो. एन्झाइमवर सेल्युलेज, झायलनेज अशी नावं आणि त्यांच्या ताकदीचे युनिट असतात. कल्चरचा साधारण हिशेब चाऱ्याच्या दर ग्रॅमला १ लाख जंतू असा. पुडीत ग्रॅमला १००० कोटी असतील, तर टनभर चाऱ्याला १० ग्रॅम पुरतं. यापेक्षा फारच कमी भरत असेल तर दुकानदाराला विचारा. काही पुड्यांत दोन्ही एकत्र असतात, आणि नेपिअरला मी तसलीच घेतो. नुसतं एन्झाइम टाकलं तर साखर सुटेल, पण खाणारे चांगले जंतू चाऱ्यावर किती आहेत ते नशिबावर. नको ते जंतूही त्याच साखरेवर ताव मारतात.

भाऊंना विचारलं, चारा कशाचा? म्हणाले, “मका हाय, दाणा दुधातून चिकात आलाय.” मग एन्झाइमची पुडी परत करा म्हटलं. कल्चर घेतलं तर फ्रीजच्या दारात ठेवा, उघडल्यावर मुरघास लवकर तापत असेल तर बुकनेरी नावाचे लॅक्टिक जंतू असलेलं बघा, आणि उरलेल्या पैशात पिशव्या जाड घ्या.