‘कामात गुंतला की मन ताळ्यावर येते’ : एक खुलासा

‘पुरुषाला नैराश्य येत नाही, कामात गुंतला की मन ताळ्यावर येते’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा असूनही पटतो, कारण नैराश्य आलेला माणूसही रोज विरार लोकल पकडून कामावर जातच असतो. फक्त डब्यातली पोळी तशीच परत येते, मुलांवर ओरडणे वाढते आणि पहाटे तीनला जाग येते. पुरुषांचे नैराश्य रडण्याऐवजी पुष्कळदा असे चिडचिडीतून किंवा वाढत्या दारूतून दिसते. पडताळा सोपा आहे : उदासी किंवा निरुत्साह सलग २ आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ टिकला आणि झोप, भूक बिघडली, तर डॉक्टरांना दाखवावे, जगणे नकोसे वाटू लागल्यास तेवढेही थांबू नये. थायरॉइडच्या दोषानेही मरगळ येते, म्हणून रक्ततपासणी सुचवली जाऊ शकते. १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, विनामूल्य बोलता येते.