कमानीच्या गादीचे रबर

रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये आल्यावर क्लच सोडताना मागून एकदाच ‘धप्’ असा आवाज आला, की जुन्या अँबेसेडरचे मालक आधी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे इंजिनाचा फिरवा मागे नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर, संशय घेतात. पण क्रॉसचा आवाज ‘टण्’ असा, धातूवर धातू आपटल्यासारखा असतो. दबका, बोजड आवाज बहुतेक वेळा कमान (पाट्यांची स्प्रिंग) आणि ॲक्सल (मागची चाके जोडणारा आस) यांच्यामधल्या रबरी गादीकडून येतो. चार गाद्यांची किंमत टायरच्या मानाने नगण्य असते, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

अँबेसेडर १९५८ ते २०१४ इतका काळ बनत राहिली. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली तिची मूळ मांडणी फारशी बदलली नाही: मागे अखंड ॲक्सल आणि त्याच्या दोन टोकांखाली पाट्यांच्या दोन कमानी. ॲक्सल जागेवर धरायला वेगळे दांडे नाहीत. गाडीचे वजन कमानीच पेलते, इंजिनाचा जोर तीच पुढे ढकलते, ब्रेक लागल्यावर ॲक्सलला पिळू न देण्याचे काम तिचे, आणि वळणावरचा आडवा धक्काही तीच सोसते. कमान आणि ॲक्सल यांना जोडतात ते यू-बोल्ट. त्या जोडात, कमानीच्या वर एक आणि खाली एक, अशा रबरी गाद्या बसतात. रस्त्याची बारीक थरथर आणि डिफरन्शियलची (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीची) घरघर बॉडीत चढू न देणे हा त्यांचा उद्देश.

रबर कशाने संपते, ते इंदूरच्या हिशेबाने पाहू. पहिले कारण ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर हल्ला करतो. दबलेल्या गादीचा मधला भाग झाकलेला असतो, पण फुगून बाहेर आलेली कड ताणलेली आणि उघडी राहते; भेगा तिथूनच सुरू होतात. दुसरे कारण माळव्याची काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात आणि कमान सतत वर-खाली होत राहते. तिसरे कारण मात्र आपण स्वतः ओढवून घेतो. गंज लागू नये म्हणून पावसाळ्याआधी गाडीच्या खालून जळके ऑइल फवारायची पद्धत अजून चालू आहे. पत्रा त्याने वाचतो खरा, पण खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि चुरा होऊन सुटते. डिझेलने कमान धुणे हा त्याच जातीचा उपद्रव. गंमत म्हणजे ग्लायकोलवर आधारलेले नेहमीचे ब्रेक ऑइल रंग खाते, पण नैसर्गिक रबराला विशेष काही करत नाही. म्हणून एकाच बाजूची गादी फुगलेली दिसली, तर ब्रेकच्या सिलिंडरआधी ॲक्सलच्या टोकाचे ऑइल सील तपासावे.

आता थोडे भौतिकशास्त्र, कारण बहुतेक चुका त्याच्या अज्ञानातून होतात. रबर दाबले म्हणजे त्याचे आकारमान कमी होते असे नाही. थापायला घेतलेल्या भाकरीच्या गोळ्यासारखे ते कडेने पसरते. पसरायला वाव नसेल तर दबायलाही तयार होत नाही. त्यामुळे गादी किती कडक लागेल हे रबराच्या जातीपेक्षा तिच्या आकारावर जास्त ठरते. उदाहरणादाखल १०० मिलिमीटर लांब, ५० रुंद आणि ६ जाड गादी घ्या. दाब झेलणारे क्षेत्र ५,००० चौरस मिलिमीटर आणि फुगायला मोकळी असलेली कड १,८००. हे गुणोत्तर साधारण २.८. जाडी दुप्पट, म्हणजे १२ मिलिमीटर केली की गुणोत्तर १.४ वर येते. दोन्ही पृष्ठभाग घट्ट पकडलेले आहेत असे धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला, तर जाड गादी दुप्पट नव्हे, जवळजवळ सातपट मऊ निघते. ‘जाड घाला, गाडी आरामात चालेल’ या सल्ल्याचे फळ म्हणजे हलणारा ॲक्सल.

दुसरी गोष्ट रबराच्या शिथिल होण्याची. लोखंडावर लोखंड आवळले तर ताण बोल्टच्या लवचिकतेत साठतो. मध्ये रबर आले की तो मुख्यतः रबरात साठतो, आणि रबर दाब हळूहळू सोडून देते. ही घट वेळेच्या पटीत चालते: पहिल्या मिनिटापासून दहाव्यापर्यंत जितका दाब जातो, साधारण तितकाच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत, आणि पुढे हजाराव्यापर्यंत. म्हणजे तासाभराने पुन्हा पाना लावून फारसे साधत नाही. आठवडाभराने लावला तर साधते.

दाब कमी झाला की घर्षण कमी होते आणि ॲक्सल कमानीवर सरकू पाहतो. त्याला अडवायला उरतो एकच सेंटर बोल्ट. खरे तर त्याचे काम पाटे एकत्र ठेवणे आणि आपल्या डोक्याने ॲक्सलची जागा दाखवणे एवढेच. ब्रेकचा आणि पिकअपचा धक्का रोज त्याच्यावर येऊ लागला की तो तुटतो. इंदूरजवळचा भेरूघाट उतरताना, ब्रेकवर पाय असताना तुटला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. दोन कमानींमध्ये मीटरभर अंतर धरले आणि एका बाजूचा ॲक्सल ५ मिलिमीटर मागे गेला, तर मागची चाके सुमारे ०.३ अंशाने तिरकी होतात. आकडा किरकोळ वाटतो, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागते आणि अलाइनमेंटवाला पुढच्या चाकांशी झटत बसतो.

तपासायला सपाट फरशी, टेप आणि टॉर्च पुरे. दोन्ही बाजूंना कमानीच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल कड्याच्या) मध्यापासून ॲक्सलच्या नळीपर्यंत मोजा. चार-पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर सेंटर बोल्टकडे पाहा. खालच्या प्लेटच्या कडेने तांबूस भुकटीची रेघ दिसली, तर धातू धातूवर घासतो आहे. यू-बोल्टजवळ चकाकणारे पट्टे दिसले तरी अर्थ तोच. गाडी एका अंगाला दोन सेंटिमीटर झुकली असेल, तर दोष गादीला देऊ नका. ती झिजून फार तर तीन-चार मिलिमीटर खाईल. बाकीचे पाट्यांचे थकणे आहे.

खरेदीत चार गाद्या, चार नवे यू-बोल्ट, आठ नायलॉनचे कडे असलेल्या लोखंडी नटा, दोन सेंटर बोल्ट. जुने यू-बोल्ट परत वापरण्याची काटकसर करू नये. त्यांचे आटे एकदा ताणलेले असतात. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत मिळतील त्या गाद्या हातात घेऊन बघा: नखाने दाबल्यावर किंचित दबून लगेच उसळायला हवे, आणि तोडलेल्या कडेला भोके नकोत. टायर कापून केलेली गादी नको, कारण दोऱ्यांच्या थरांमुळे ती सगळीकडे सारखी दबत नाही. ट्यूबचे तुकडे त्याहून वाईट. ट्यूबचे ब्युटाइल रबर हवा धरून ठेवण्यात उत्तम, पण दाबाखाली बसके होते. पॉलियुरेथेनच्या गाद्या तेलाला दाद देत नाहीत, मात्र कडक असल्याने आवाज बॉडीत चढवतात. रोजच्या शहरी गाडीला नैसर्गिक रबरच बरे.

नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवा, मात्र ते जुन्या गादीपुरतेच. सकाळी पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावा, मागची चाके काढा, चेसिसखाली घोड्या (लोखंडी आधार) ठेवा आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक घ्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही. एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे दुसरी बाजू ॲक्सलला जागेवर धरून ठेवते. शॉकअब्सॉर्बर खालच्या प्लेटला जोडलेला असेल तर आधी तो सोडवा. मग नटा काढल्या की प्लेट आणि खालची गादी हातात येते. ॲक्सल जॅकने दोन-अडीच सेंटिमीटर वर उचलला की वरची गादी निघते. तेवढ्यात नजर ब्रेकच्या रबरी नळीवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ठेवा. त्या ताणायला नकोत.

बसण्याच्या जागा तारेच्या ब्रशने पत्रा चमकेपर्यंत घासा. ॲक्सलच्या बैठकीतले सेंटर बोल्टच्या डोक्याचे भोक लंबगोल झाले असेल, तर नवी गादी घालून उपयोग नाही. मुख्य पाट्याला भोकाजवळ केसासारखी चीर आहे का ते पाहा. पाटे सहसा तिथेच तुटतात. काही गाद्या एका बाजूला जाड असतात. जुन्या गादीवर खडूने पुढची दिशा लिहून घ्या, कारण उलटी बसली तर डिफरन्शियलचे नाक वर-खाली होते आणि ठरावीक वेगाला जमीन थरथरल्यासारखी वाटते. गादी सरकवायला ग्रीस नव्हे, साबणाचे पाणी वापरा.

आवळणे हा सगळ्यात नाजूक टप्पा. देवास नाक्याकडे ट्रकच्या कमानी बांधणाऱ्यांचा हात पाइप लावून पूर्ण जोराने आवळायला सरावलेला असतो. ट्रकच्या जोडात मध्ये रबर नसते, तिथे ते योग्यच. गाडीच्या गादीवर तोच जोर लावला की रबर कडेने चिरडून बाहेर येते आणि वर्षभरात भेगाळते. चारही नटा आधी हाताने बसवा, मग तिरक्या क्रमाने तीन-चार फेऱ्यांत थोड्या थोड्या घट्ट करा. दोन्ही पायांचे आटे नटांबाहेर सारखे दिसले पाहिजेत. चाके लावून गाडी जमिनीवर उतरवा आणि तिच्या स्वतःच्या वजनाखाली शेवटची फेरी मारा. टॉर्क, म्हणजे नट आवळण्याच्या जोराचा आकडा, त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. कमानीच्या डोळ्यांतले रबरी बुश सोडले असतील तर तेही याच वेळी घट्ट करायचे, लटकत्या कमानीवर नाही. नाहीतर ते कायमचे पिळलेले राहतात.

शंभरेक किलोमीटर किंवा आठवडा झाला, की त्याच टॉर्कवर आठही नटा पुन्हा तपासा, आणि नंतर हजार किलोमीटरला एकदा. दुसऱ्या तपासणीतही नट अर्धा फेरा फिरली, तर रबर बसके निघाले. गाद्या परत बदला.