अपडेट अडकलं तर संगणक बंद करू नका
(उबंटू किंवा डेबियन ही लिनक्स सिस्टिम बसवून घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

तुमच्या संगणकावरचं लिब्रेऑफिस, जिम्प, प्रिंटरसाठी लागणारं कप्स, हे सगळं आम्ही एपीटी या पॅकेज मॅनेजरमधून बसवलं आहे. पॅकेज म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या फाइली यांचा एक गठ्ठा. कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं आहे आणि ते कशावर अवलंबून आहे, याची नोंद एपीटीच्या हाताखालचा डीपीकेजी हा प्रोग्राम ठेवतो. दुकानातल्या स्टॉक रजिस्टरसारखी. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत प्रोग्राम स्वतः बिघडलेला क्वचितच असतो. बहुतेकदा या वहीतली नोंद अर्धवट राहिलेली असते, आणि ती पुरी करता येते.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. त्यांची नेमकी स्पेलिंगं संगणकासोबत दिलेल्या कार्डावर आहेत. टाईप करताना तेच कार्ड समोर धरा.

‘कुड नॉट गेट लॉक’
सकाळी संगणक सुरू केल्या केल्या हा संदेश आला, तर बहुधा सुरक्षेची अपडेट्स मागे आपोआप बसत असतात. चहा घेऊन या, पंधरा मिनिटांनी पुन्हा करून पाहा. इंटरनेटवर ‘लॉक फाइल डिलीट करा’ असा सल्ला जागोजागी सापडतो. कृपया तो ऐकू नका. ती फाइल काम चालू नसतानाही तिथेच असते. कुलूप चालू प्रोग्रामने लावलेलं असतं. फाइल उडवली की दुसरा प्रोग्रामही आत शिरतो आणि दोघे एकाच वहीत एकदम लिहू लागतात. मग दुरुस्तीला खरोखर वेळ लागतो.

मध्येच लाईट गेली
आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास याचाच. पुढच्या वेळी ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असं दिसेल आणि काय करायचं तेही त्याच ओळीत लिहिलेलं असेल: सुडो डीपीकेजी कॉन्फिगर ए. ती चालवा. त्यानंतरही तक्रार राहिली तर सुडो एपीटी फिक्स ब्रोकन इन्स्टॉल. ही कमांड काही पॅकेजेस काढायची परवानगी मागू शकते. ती यादी नीट वाचा. त्यात ओळखीचं, रोजच्या वापरातलं नाव दिसलं तर ‘नाही’ म्हणा आणि आम्हाला फोन करा. एखादी सेटिंगची फाइल बदलू का, असं विचारलं तर नुसतं एंटर दाबा, म्हणजे जुनी फाइल राहते. तुमच्या प्रिंटरची आणि शेअर फोल्डरची जुळणी आम्ही तिथेच केलेली असते. आणि यूपीएस नसेल तर अपडेटसाठी लाईट जायची वेळ टाळा.

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’
आधी घड्याळ पाहा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा बटण सेल संपला, की मेन स्विच बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. पॅकेजच्या यादीवर ती तयार झाल्याची तारीख असते. संगणकाच्या हिशेबी ती यादी भविष्यातली ठरते, म्हणून तो ती नाकारतो. याच कारणाने बँकेची वेबसाइटही ‘असुरक्षित’ दिसू लागते. बिघाड सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. तारीख नीट करा, सेल बदला.

‘नो स्पेस लेफ्ट’
एन्क्रिप्ट केलेल्या लॅपटॉपवर बूटसाठी, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलींसाठी, डिस्कचा छोटा वेगळा भाग (पार्टिशन) असतो. जुने कर्नेल (सिस्टिमचा गाभा असलेला प्रोग्राम) साठून तो भरतो. सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह करा. फाइल मॅनेजर उघडून हाताने काहीही पुसू नका.

‘404 नॉट फाउंड’
प्रथम सुडो एपीटी अपडेट. तेच पुन्हा आलं तर तुमची आवृत्ती फार जुनी झाली असू शकते. जुन्या आवृत्त्यांची पॅकेजेस कालांतराने वेगळ्या संग्रहात हलवली जातात. उबंटू 20.04 ची पाच वर्षांची नेहमीची मुदत मे 2025 मध्येच संपली आहे. नव्या आवृत्तीवर जाण्याआधी बॅकअप हवाच, त्यामुळे हे काम आमच्यावर सोडा.

आम्हाला फोटो पाठवताना शेवटच्या ओळीचा पाठवू नका. ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड 1’ ही ओळ पॅकेज बसताना होणाऱ्या जवळपास प्रत्येक बिघाडात सारखीच येते, तिच्यावरून काही कळत नाही. वर सरकवत जा आणि ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा जिथे दिसेल तिथला फोटो काढा. खिडकी बंद झाली असेल तरी चालेल, तो मजकूर एपीटीच्या लॉगमध्ये राहतो. त्याआधी तुम्ही काय काय करून पाहिलंत तेही मोकळेपणाने सांगा. लॉक फाइल उडवली असेल तर तेही सांगा. आम्ही रागावणार नाही, दुरुस्ती कुठून सुरू करायची ते त्यावरून ठरतं.