दीपशिखा इंदुमतीची, पण चेहरे राजांचे

‘इंदुमती सुंदर, तेजस्वी होती म्हणून कालिदासाने तिला दीपशिखा म्हटलं’, हे वाक्य गाइडांपासून भाषणांपर्यंत वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धंच आहे ते.

कालिदासाच्या ‘रघुवंश’ या महाकाव्याच्या ६व्या सर्गातला ६७वा श्लोक पाहा. विदर्भाची राजकन्या इंदुमती हिचं स्वयंवर चालू आहे. द्वारपालिका सुनंदा एकेका राजाची ओळख करून देते, इंदुमती ऐकते आणि पुढे सरकते. रात्री राजमार्गावरून दिवा पुढे गेला की मागे पडलेली माडी काळोखात जाते, तसा तिने ओलांडलेला प्रत्येक राजा ‘विवर्ण’ होतो. म्हणजे उपमा दुहेरी आहे: ती ज्योत, तर राजे माड्या. किल्ली आहे ‘संचारिणी’ या शब्दात. ज्योत चालती हवी. देव्हाऱ्यातल्या समईने हे चित्र उभंच राहिलं नसतं. आणि ‘विवर्ण’ दोघांना लागतो. माडीवरचा उजेड गेला, राजाचा रंग उडाला. आपण ‘तोंड उतरलं’ म्हणतो, तेच. इंदुमतीच्या नाकाडोळ्यांबद्दल इथे अवाक्षर नाही (कालिदासाला ‘दीपशिखा’ ही पदवी मात्र याच श्लोकाने मिळवून दिली).

पुढच्याच श्लोकात ज्योत रघूचा मुलगा अज याच्यासमोर येते, आणि तोही धास्तावतो: वरेल का मला?